मुत्ताकी दिल्लीत बोलतात, निर्णय कंदाहारात होतो

तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी ऑक्टोबर २०२५मध्ये भारतात येऊन गेले, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. तालिबान पाकिस्तानशी लढतोय म्हणजे तो आपला मित्र, तो आता बदललाय, आणि त्यांच्यातली मवाळ मंडळी मुलींच्या शाळा उघडणार. हे तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

पाकिस्तानशी भांडण आहे, खरंखुरं आहे. त्याच ऑक्टोबरात सीमेवर दोन्हीकडची माणसं मेली, कतार आणि तुर्कस्तानने मध्ये पडून शस्त्रसंधी घडवली. पण हे भांडण ड्युरँड रेषेचं, म्हणजे दोन्ही देशांमधल्या सीमेचं, आणि पाकिस्तान सरकारशी लढणाऱ्या पाकिस्तानी तालिबानला अफगाणिस्तानात मिळणाऱ्या आसऱ्याचं आहे. ड्युरँड रेषा पहिल्या तालिबान राजवटीनेही मानली नव्हती, आणि तरी तिला मान्यता देणाऱ्या तीन देशांत पाकिस्तान होताच. १९९९ साली आपलं अपहरण झालेलं विमान कंदाहारला उभं होतं ते त्याच काळात. आज तालिबानवाले सगळ्यांचीच दारं ठोठावतायत: चीनने त्यांचा राजदूत स्वीकारला, रशियाने जुलै २०२५मध्ये मान्यता दिली. आपण त्या रांगेतले एक.

‘बदललाय’ म्हणणाऱ्यांनी मुत्ताकींची दिल्लीतली पहिली पत्रकार परिषद आठवावी. महिला पत्रकारांना बोलावलंच नव्हतं. टीका झाली, तेव्हा दोन दिवसांनी दुसरी घेतली.

आता मवाळ मंडळी. यात बहुतेक वेळा गृहमंत्री सिराजुद्दीन हक्कानींचं नाव येतं. काबूलमधल्या आपल्या दूतावासावर २००८ साली झालेल्या हल्ल्यात पन्नासहून अधिक माणसं गेली, त्याचा ठपका ज्या जाळ्यावर आहे ते यांच्याच घराण्याचं. त्यांनी २०२३मध्ये खोस्तला जाहीर नाराजी मांडली ती सत्ता एका हाती एकवटल्याची. एका हाती म्हणजे तालिबानचे सर्वोच्च नेते, कंदाहारात बसून हुकूम काढणारे हिबतुल्ला अखुंदजादा यांच्या हाती.

शाळांचं काय झालं ते २३ मार्च २०२२ला जगाने पाहिलं. शिक्षण खात्याने शाळा उघडणार म्हणून आधी जाहीर केलेलं. मुली गणवेश घालून, दप्तरं घेऊन वर्गात येऊन बसल्या, आणि काही तासांतच सहावीच्या पुढच्या सगळ्यांना घरी जायला सांगितलं. रडत परतणाऱ्या त्या मुली आठवल्या की हा मेसेज पुढे ढकलावासा वाटूच नये. काबूलमधल्या मंत्र्यांचा शब्द कंदाहारने एका सकाळीत मोडला.

तेव्हाचे उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद स्तानिकझाई, आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकलेले, जानेवारी २०२५मध्ये उघड म्हणाले की ही बंदी अन्याय आहे. थोड्याच दिवसांत ते देशाबाहेर होते. शाळा आजही बंद आहेत.