‘पत्रिका जुळवणं’ म्हणणाऱ्या ‘एक वाचक’ यांस

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली, आणि दोन ओळींत भागणार नाही असं लक्षात आलं. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात देतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अवकाशातल्या गॅमा दुर्बिणींना वेला पल्सारचा, म्हणजे गरगर फिरत ठरावीक अंतरानं किरणांचे झोत टाकणाऱ्या एका मृत ताऱ्याचा, ठोका दिसतो. तुम्ही म्हणता, दिसत काहीच नाही. मिनिटाला जेमतेम एखादा फोटॉन (प्रकाशाचा कण) हाती लागतो आणि ‘हव्या त्या कालावधीत त्यांच्या घड्या घातल्या की ठोका निघतोच, हे खगोलशास्त्र नव्हे, पत्रिका जुळवणं आहे.’ पुढे गेमिंगा या दुसऱ्या पल्सारच्या 59 सेकंदांचा दाखला, गॅमा किरण ताऱ्याभोवती नेमके कुठे तयार होतात यावर मी गप्प बसल्याची तक्रार, रेडिओ दुर्बिणींचा आणि त्यातही नारायणगावजवळच्या आपल्या खोडदचा उल्लेख नाही म्हणून नाराजी, आणि शेवटी ‘लेखकानं विकिपीडिया बंद करून एकदा खरा डेटा उघडावा’ हा सल्ला.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘पत्रिका’ हा शब्द तुम्ही कुणाला उद्देशून वापरताय? माझ्या मुलीच्या लग्नात पत्रिका दाखवायला मी साफ नकार दिला होता. दोन चांगली स्थळं त्यापायी गेली, नात्यातली माणसं कितीतरी दिवस बोलत नव्हती. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. साध्या लंबकाच्या प्रयोगात उत्तर 9.8 यावं म्हणून वहीतल्या वेळा मागाहून खोडून बसवणारी पोरं मी नुसत्या अक्षरावरून ओळखायचो. आकडे जुळवणं म्हणजे काय हे मला टोपणनावाआडून कुणी शिकवावं, याची गंमत वाटते.

असो. आता घडीकडे येऊ.

तुमच्या दारावर दूधवाल्याची बेल रोज वाजत नाही, महिन्यातून दोन-चार वेळाच वाजते असं धरा. वाजली की तुम्ही तारीख आणि वेळ टिपता. वर्षाखेरीला तारखा पुसून टाकता आणि नुसत्या वेळा एका ओळीत मांडता. तो सहाच्या सुमारास येणारा असेल तर सहाजवळ ढीग दिसेल, कधीही येणारा असेल तर वेळा दिवसभर पसरतील. घडी घालणं ते हेच. आणि तुमचं घड्याळ चोवीसऐवजी तेवीस तासांचा दिवस मोजत असेल तर खऱ्याखुऱ्या सहाच्या दूधवाल्याचाही ढीग विस्कटेल. चुकीच्या घडीनं ठोका उगवत नाही, होता तोही मोडतो.

वेला सेकंदाला अकरा वेळा फिरतो, एका फेरीला सुमारे 89 मिलिसेकंद. आता कालावधी फक्त एका मायक्रोसेकंदानं चुकवा. 89,000 फेऱ्यांत ती चूक साठून अख्ख्या फेरीएवढी होते. 89,000 फेऱ्या म्हणजे किती वेळ? सव्वादोन तासांच्या आत. फर्मी ही गॅमा दुर्बीण 2008 पासून अवकाशात आहे. इतक्या वर्षांचे फोटॉन ‘हव्या त्या कालावधीत’ घडी घालून पाहा, मग कळेल किती हवा तो कालावधी चालतो.

शिवाय तो कालावधी गॅमावाल्यांनी आपल्या सोयीनं निवडलेला नव्हता. फर्मीच्या सुरुवातीच्या कामात वेलाचं वेळापत्रक ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीनं दिलं होतं. रेडिओचे ठोके वेगळे मोजले, त्यावरून फेरीचा काळ बांधला आणि मग गॅमाचा प्रत्येक फोटॉन त्यावर ठेवला. त्यातून आलेखात दोन टोकदार टेकड्या येतात, एकमेकींपासून सुमारे 0.4 फेरीच्या अंतरावर. पहिली टेकडी रेडिओच्या ठोक्यानंतर साधारण एक-अष्टमांश फेरीनं. वेला दर काही वर्षांनी अचानक किंचित वेगानं फिरायला लागतो. 1969 मध्ये हा झटका पहिल्यांदा पकडला गेला. प्रत्येक झटक्यानंतर वेळापत्रक नव्यानं बांधावं लागतं, आणि नव्या वेळापत्रकावर गॅमाच्या टेकड्या जुन्याच जागी उभ्या राहतात. पत्रिकेत ग्रह असे वागतात का?

आणि हे एकट्या फर्मीचं नाही. एसएएस-2 हा छोटा उपग्रह केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून 1972 च्या नोव्हेंबरात सुटला, काही महिन्यांतच बंद पडला, पण वेलाच्या याच दोन टेकड्या देऊन गेला. ते निष्कर्ष 1975 मध्ये छापून आले. मग युरोपचा कॉस-बी, मग 1991 मध्ये गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरचं एग्रेट, मग इटलीचा अजिले. (हा 2007 मध्ये आपल्या पीएसएलव्हीनं श्रीहरिकोट्याहून नेला होता. खोडदबद्दल रागावणाऱ्यांनी याचाही अभिमान बाळगायला हरकत नाही.) जुन्या यंत्रांत वायू भरलेला ठिणगीकक्ष असायचा. फर्मीत टंगस्टनच्या पातळ पत्र्यांवर गॅमा फोटॉन आदळतो, त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी निघते, आणि सिलिकॉनच्या पट्ट्या तिचा माग काढतात. यंत्रं वेगळी, माणसं वेगळी, दशकं वेगळी. टेकड्या त्याच.

राहता राहिला ‘खरा डेटा उघडावा’ हा सल्ला. महाशय, तो उघडूनच लेख लिहिला होता. फर्मीचे फोटॉन कुणालाही फुकट मिळतात. फाइलमध्ये एका फोटॉनची एक ओळ: कुठून आला, किती ऊर्जा आणि केव्हा. ‘केव्हा’ म्हणजे 2001 च्या 1 जानेवारीपासून मोजलेले सेकंद, पुढे लांबलचक दशांश. मी पहिल्यांदा घडी घातली ती या वेळा जशाच्या तशा घेऊन. आलेली आकृती सपाट, पाटावर लाटल्यासारखी. कारण उघड आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वेलाकडून येणारा प्रकाश सहा महिन्यांच्या अंतरानं सुमारे 8 मिनिटांपर्यंत पुढेमागे होतो. खुद्द उपग्रह पृथ्वीच्या अलीकडे आहे की पलीकडे, यानंच 40 मिलिसेकंदांपर्यंत फरक पडतो, म्हणजे वेलाची जवळजवळ अर्धी फेरी! दोन्ही दुरुस्त्या करून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेल्या, तेव्हा कुठे त्या सपाट रेषेतून दोन टेकड्या वर आल्या. घडी घातली की ठोका ‘निघतोच’ असतं, तर पहिल्याच दिवशी निघाला असता.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. लेखातल्या आकृतीत चार टेकड्या दिसतात, कारण एकच फेरी शेजारी शेजारी दोनदा काढली आहे. तशी रीत आहे, पण चित्राखाली तसं लिहायला हवं होतं. आज लिहिलं. तुमच्या या सूचनेबद्दल आभार, जरी ती तुम्ही ‘दुप्पट ठोके दाखवून वाचकांना भुलवणं’ अशा शब्दांत केली असली तरी.

गेमिंगाचं. हो, 59 सेकंदांचा ठोका सापडल्याचं सत्तरच्या दशकात म्हटलं गेलं आणि तो टिकला नाही. मग काय? तो याच क्षेत्रातल्या लोकांनी आकडेमोड तपासून पाडला. 1992 मध्ये रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरणांत 237 मिलिसेकंदांचा खरा ठोका मिळाला, तो लगेच एग्रेटमध्ये दिसला आणि मग कॉस-बी, एसएएस-2 च्या जुन्या फोटॉन्समध्येही. रेडिओचं वेळापत्रक नसताना फर्मीनं लाखो कालावधी चाळून जे पल्सार शोधले, तिथं योगायोगाची शक्यता वाढते, हे तुमचं वाक्य मी वाचलं आहे. किती वेळा चाळलं याची वजावट करूनच निकाल देतात. सीटीए 1 या ताऱ्याच्या स्फोटाच्या अवशेषातला तरुण पल्सार 2008 मध्ये असाच सापडला आणि त्याच कालावधीचे ठोके नंतर क्ष-किरणांतही मिळाले. माझा लेख वेलावर होता, त्यामुळे हा विषय इथंच थांबवतो.

गॅमा किरण ताऱ्याच्या ध्रुवाजवळ बनतात की वर, चुंबकावरणाच्या बाहेरच्या भागात, यावर मी लिहिलं नाही. एका लेखात सगळं येत नाही. फर्मीनं मोजलेल्या वर्णपटानं ध्रुवालगतची जुनी कल्पना मागे पडली, एवढं सांगतो. बाकी कधीतरी.

खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं शोधलेला जे1833-1034 हा 62 मिलिसेकंदांचा अगदी तरुण पल्सार मला माहीत आहे, शोधनिबंध 2005 चा. पुढे फर्मीला त्याचेही गॅमा ठोके मिळाले. पण विषय गॅमाचा असताना रेडिओचं पुराण कशाला, म्हणून वगळलं. प्रत्येक लेखाची गाडी नारायणगावच्या फाट्यावरून गेलीच पाहिजे असा नियम असेल तर कळवा.

आता तुम्हाला एक विनंती. फेब्रुवारीत रात्री दक्षिणेला अगस्त्याच्या डावीकडे, पूर्वेच्या बाजूला पाहिलंत तर तिथं डोळ्यांना वेला दिसणार नाही, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. संगणक उघडा. वेलाच्या दिशेचे एका महिन्याचे फोटॉन उतरवून घ्या, दुरुस्त्या करा आणि कालावधी तुमच्या मर्जीचा घ्या, 88 मिलिसेकंद, 90, काहीही. दोन टेकड्या निघाल्या तर आकृती मला पाठवा. तुमच्या टोपणनावासह, अख्ख्या पानभर, मीच इथं लावतो.