नॅनोसुई टोचत नाही, बहुतेक वेळा पेशीच तिला कवेत घेते

सध्या फिरणारा दावा असा: सिलिकॉनच्या नॅनोसुया इंजेक्शनसारख्या पेशीत घुसतात, औषध थेट आत सोडतात, आणि सिलिकॉन म्हणजे शेवटी वाळूच, त्यामुळे अपाय शून्य. सोबत सुयांवर खोचलेल्या पेशीचं चित्र. चित्र झकास आहे, हिशेब मात्र जुळत नाही.

‘घुसतात.’ प्राण्याची एक पेशी धरा १५ मायक्रॉनची. द्रवात तरंगण्याचा भाग वजा केला तर तिचं वजन जेमतेम एक पिकोन्यूटन, म्हणजे नॅनोन्यूटनचा हजारावा भाग. सुया दोन-दोन मायक्रॉनवर असल्या तर पेशीखाली चाळीसेक सुया येतात, म्हणजे प्रत्येकीवर त्या वजनाचा चाळिसावा हिस्सा. उलट २०० नॅनोमीटर जाडीची एकच सुई पेशीपटलापार, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणापार, न्यायची तर साधारण एक नॅनोन्यूटन जोर लावावा लागतो. पेशी चिकटताना स्वतःला खाली ओढून घेते, त्या ताणाने काही टोकं आत जातात, हे खरं. किती? स्टॅनफर्डमध्ये निक मेलोश यांच्या गटाने २०१४ मध्ये मोजलं: प्रयोगशाळेत नेहमीसारख्या वाढवलेल्या पेशींत सुमारे ७ टक्के टोकं. (त्या सुया म्हणजे सिलिकॉनच्या नव्हे, ॲल्युमिनाच्या पोकळ नळ्या होत्या, पण पटलाला आकार कळतो, रसायन नंतर.) बाकी ठिकाणी पटल सुईभोवती मोज्यासारखं चढतं.

‘मायक्रोस्कोपखाली सुई आत दिसते की!’ दिसणारच. पटल ५ नॅनोमीटरचं. कॉन्फोकल या लेझरच्या प्रकाशाने पाहणाऱ्या मायक्रोस्कोपला आडवं २०० आणि उभं ५०० नॅनोमीटरहून बारीक काही वेगळं करता येत नाही. मोजा घातलेलं बोट आणि उघडं बोट तिथे सारखंच. आयन-शलाकेने पेशी उभी कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली, तरच सुई आणि पेशीद्रव यांच्यामधली पटलाची रेघ सापडते.

‘औषध पोचतं, म्हणजे टोचलंच.’ औषध पोचतं, यात वाद नाही. २०१५ मध्ये चियापिनी, स्टीव्हन्स या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी सच्छिद्र सिलिकॉनच्या सुयांनी उंदराच्या स्नायूत जनुक पोचवून नव्या रक्तवाहिन्या वाढवल्या. पण चियापिनींच्याच २०१९ च्या कामात दिसलं की या सुया पेशीची गिळण्याची क्रिया, म्हणजे एंडोसायटोसिस, वाढवतात. गिळलेला माल पिशवीत अडकतो आणि बराचसा तिथेच पचतो. म्हणून पेशीत चमकणारे ठिपके हा पुरावा नव्हे. हिरवं प्रथिन बनवायला लावणारा प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) वापरा, प्रथिन खरंच बनतंय का पाहा, आणि तुलनेसाठी शेजारी तेवढाच डीएनए लावलेली, सुया नसलेली सपाट चकती ठेवा. प्रयोगांतून ती चकतीच बऱ्याचदा गायब असते.

‘वाळूच ती.’ सच्छिद्र सिलिकॉन विरघळून ऑर्थोसिलिसिक आम्ल होतं, ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात. भरीव सुया, म्हणजे नॅनोतारा, मात्र खूप जास्त टिकतात. शिवाय या तारा अनेकदा सिल्व्हर नायट्रेट आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात कोरलेल्या असतात. नायट्रिक आम्लाने चांदी नीट काढली नाही तर पेशी मरतात आणि खापर सुयांवर फुटतं. धुतल्यावर हवेत सुकवल्या तर पाण्याच्या पृष्ठताणाने लांब तारांचे शेंडे झुपक्यांनी चिकटतात, मग पेशी सुयांवर नव्हे, झुपक्यांवर बसते. ते टाळायला क्रिटिकल पॉइंट ड्रायर, म्हणजे पृष्ठताण येऊ न देता सुकवणारं यंत्र, वापरतात.