मरिसा टोमेईला त्या यादीतून काढा

ऑस्करच्या 'लायकी नसलेल्या' विजेत्यांची यादी कुणीही करो, पहिल्या पाचात मरिसा टोमेई असतेच. 'माय कझिन विनी', १९९२, सहाय्यक अभिनेत्री. (सगळी सालं चित्रपटाची धरलीत, सोहळा पुढच्या वर्षी होतो.) सोबत ती जुनी पुडीही असते, की विजेता जाहीर करायला आलेल्या जॅक पॅलन्सनं चुकीचं नाव वाचलं आणि ऑस्कर देणारी अकादमी गप्प बसली. मतमोजणी करणारे लोक मंचाच्या कडेला उभे असतात आणि निकाल त्यांना पाठ असतात. 'ला ला लँड'चं नाव चुकून पुकारलं गेलं तेव्हा आभाराची भाषणं चालू असतानाच चूक निस्तरावी लागली. टोमेईच्या वेळी मात्र सगळे झोपले होते?

आता तो कोर्टातला प्रसंग पुन्हा लावा. मोना लिसा व्हिटो, म्हणजे टोमेई, पिंजऱ्यात येते तीच फणकाऱ्यात. विनी, आरोपींचा वकील, तिचाच प्रियकर; त्याच्यावर चिडलेली आहे, उत्तरं तुटक देते. सरकारी वकील तिला तोंडघशी पाडायला विचारतो, १९५५ची शेव्हरले बेल एअर, ३२७चं इंजिन, फोर-बॅरल कार्ब्युरेटर, तर इग्निशन टायमिंग किती? ती म्हणते, प्रश्नच खोटा आहे. ५५ साली ३२७ निघालंच नव्हतं, ते ६२ साली आलं, आणि बेल एअरमध्ये फोर-बॅरलसकट मिळायला ६४ उजाडलं. ६४ची गाडी म्हणत असाल तर चार अंश. टोमेई हे एका दमात म्हणते, पण पाठांतराचा वास येत नाही. गॅरेजवाल्या घरातल्या पोरीचा माज येतो. पुढे टायरच्या खुणांचा फोटो हातात आल्यावर चेहऱ्यावरचा रुसवा कसा विरघळतो ते बघा. या खुणा आरोपींच्या ब्यूक स्कायलार्कच्या असूच शकत नाहीत, गाडी पाँटिअॅक टेम्पेस्ट होती, हे सांगताना ती प्रियकराशी भांडण झालंय हेच विसरलेली असते. रुसवा, माज, आनंद, आणि सगळं हशा न सांडता. समोर जुडी डेव्हिस, जोन प्लोराइट, व्हेनेसा रेडग्रेव्ह, मिरांडा रिचर्डसन अशी भारदस्त नावं होती म्हणून लोकांना टोचतं. विनोदी भूमिका जिंकली, खरा राग एवढाच.

लायकी मोजायची तर त्या वर्षीच्या उरलेल्या चौघांशी मोजा. आणि मतदान कसं होतं ते माहीत असू द्या, अर्धे वाद तिथेच मिटतात. नामांकनं फक्त अभिनेत्यांची शाखा ठरवते, पसंतीक्रम लिहून. समजा १२०० मतपत्रिका आल्या. पाच जागा आहेत, म्हणून ६ने भागायचं, २०० येतात, त्यात १ मिळवायचा. २०१चा कोटा गाठला की नामांकन पक्कं. अंतिम फेरीत मात्र अकादमीचे सगळे मतदार येतात, छायाचित्रणवाले, ध्वनिवाले, प्रसिद्धीवाले, आणि तिथे पसंतीक्रम नाही. एक माणूस, एक मत, सर्वाधिक मतं तो विजेता. ९००० मतं पाच जणांत जवळपास सारखी फुटली तर १८०१ मतांवर ऑस्कर घरी. म्हणजे पाचातल्या चार मतदारांना नको असलेला माणूसही जिंकू शकतो. आकडे अकादमी जाहीर करत नाही, त्यामुळे 'अमकी सहा मतांनी हरली' वगैरे ऐकलं तर सोडून द्या. शिवाय सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात मत देता येणार नाही, ही सक्ती आली २०२५च्या चित्रपटांपासून. तोवर अभिनयाच्या विभागांत न बघता मत द्यायला कुणाची आडकाठी नव्हती!

न बघता मत द्यायचं तर माणूस काय आठवणार? नाव. आणि 'याला अजून मिळालं नाही बुवा'. माझ्या मते सगळ्यात वाईट विजेते या उधारीतून निघतात, आणि एक उधारी फेडताना दुसरी चढते.

१९७४ घ्या. 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातला अल पचिनो, 'चायनाटाउन'मधला जॅक निकल्सन, 'लेनी'तला डस्टिन हॉफमन. जिंकला आर्ट कार्नी, 'हॅरी अँड टोंटो'साठी. कार्नी त्यात गोड आहे, पण पचिनोच्या मायकल कॉर्लिओनीसमोर? पचिनो पुढेही हरत राहिला आणि अकादमीनं हिशेब चुकता केला तो १९९२ला, 'सेंट ऑफ अ वुमन'वर. आंधळ्याच्या डोळ्यांचं काम त्यानं चोख केलंय, नजर कुठेही ठरत नाही. टँगोही सुंदर. पण बाकी वेळ आवाज चढवायचा, 'हूआ' करायचं, आणि शेवटी शाळेच्या सभेत भाषण ठोकायचं.

त्याच वर्षी समोर 'माल्कम एक्स'मधला डेन्झेल वॉशिंग्टन होता. भडक सूट घालून नाचणाऱ्या भुरट्यापासून मक्केला जाऊन आलेल्या माणसापर्यंत तो चालणं, मान, बोलण्याचा वेग सगळं बदलत नेतो. जमाव घेऊन उभा असतो तो प्रसंग आठवा: हातमोजा घातलेला हात वर होतो, एक बोट वळतं, रांगाच्या रांगा निघून जातात. शब्द एक नाही. आरडाओरड्याला बक्षीस आणि या बोटाला काही नाही.

मग डेन्झेलची उधारी. ती फिटली २००१ला, 'ट्रेनिंग डे'वर. चांगलं काम आहे, मुद्दा तो नाही, पण तिथेही शेवटी रस्त्यात उभं राहून आरडाओरडा आहेच. आणि 'अ ब्युटिफुल माइंड'चा रसेल क्रो हरला. त्याला आदल्या वर्षी 'ग्लॅडिएटर'वर मिळालं होतं, जे मला तरी १९९९च्या 'द इन्सायडर'चं देणं वाटतं.

जुना नमुना याहून लांब आहे. जेम्स स्ट्युअर्ट १९३९ला 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'साठी हरला, पुढच्याच वर्षी 'द फिलाडेल्फिया स्टोरी'वर जिंकला, त्यातही कॅरी ग्रँट त्याच्यापेक्षा सरस असताना. हरला 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'चा हेन्री फोंडा. फोंडाला अभिनयाचं ऑस्कर मिळालं १९८१च्या 'ऑन गोल्डन पाँड'वर, ४१ वर्षांनी. तो इतका आजारी होता की बाहुली मुलीनं, जेननं घेतली.

एलिझाबेथ टेलरचं 'बटरफील्ड ८' (१९६०) हा वेगळाच प्रकार. मतदानाच्या सुमारास न्यूमोनिया झाला, जीव वाचवायला घशाला छेद द्यावा लागला, मतं सहानुभूतीनं आली. चित्रपट तिला स्वतःलाही आवडत नव्हता. 'द अपार्टमेंट'मधली शर्ली मॅकलेन बसली बघत.

अलीकडचा रोग म्हणजे चरित्रपट. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला (२०१८) रामी मालेक वाईट नाही, पण गाण्यातला आवाज मुख्यतः ज्याचं हे चरित्र त्या फ्रेडी मर्क्युरीच्या मूळ ध्वनिमुद्रणांचा आणि मार्क मार्टेल या गायकाचा. दात खोटे, ठेका संकलकाचा. उरलं काय, तर हालचाली. त्याच वर्षी ब्रॅडली कूपर 'अ स्टार इज बॉर्न'मध्ये बोलण्याचा आवाज खाली उतरवून, सेटवर स्वतः गात होता. दारू प्यायलेल्या माणसाची लाज त्यानं खांद्यातून दाखवली. पण ओळखीच्या माणसाची नक्कल मोजायला सोपी पडते, फोटो शेजारी ठेवला की झालं.

आणि विभागांची हातचलाखी? 'पेपर मून'मध्ये (१९७३) टेटम ओनील जवळजवळ अख्खा चित्रपट पडद्यावर आहे, तरी सहाय्यक. 'फेन्सेस'च्या भूमिकेसाठी व्हायोला डेव्हिसला रंगभूमीवर मुख्य अभिनेत्रीचं टोनी पारितोषिक मिळालं होतं. तीच भूमिका २०१६ला पडद्यावर आली आणि सहाय्यक झाली. स्टुडिओ प्रचार हव्या त्या विभागात करतो, पण नियमानं विभाग ठरवतो मतदार. 'द रीडर'साठी (२००८) केट विन्स्लेटचा प्रचार सहाय्यकसाठी चालू होता, मतदारांनी तिला उचलून मुख्य विभागात ठेवलं आणि ती तिथेच जिंकली. म्हणजे डोळे उघडले तर जमतं. पण मग 'जूडस अँड द ब्लॅक मसाया'चं काय? जूडस, म्हणजे फितूर, झालेला लाकीथ स्टॅनफील्ड सहाय्यक, मसाया, म्हणजे तारणहार, झालेला डॅनिएल कालूया पण सहाय्यक, आणि जिंकला कालूया. नावातली दोन्ही माणसं सहाय्यक, तर या चित्रपटात मुख्य कोण होतं, हे कुणीतरी मला समजावून सांगा.