रवांडाच्या संसदेत बायका आहेत, त्या पुरुष उरले नव्हते म्हणून?

गेल्या आठवड्यात आत्याने आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक फॉरवर्ड पाठवला आणि दोनच दिवसांत तो माझ्या भाचीच्या वहीत जाऊन बसला, कारण तिला महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत राजकारणातील स्त्रियांवर बोलायचे आहे. मजकूर थोडक्यात असा: आफ्रिकेतील रवांडात वंशसंहारात पुरुष संपले, म्हणून संसदेत बायका बसवाव्या लागल्या, तिथे ६४ टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत, बायकांच्या हाती सत्ता आल्यापासून भ्रष्टाचार शून्य झाला आणि विरोधकांची कटकटही उरली नाही, भारताने हेच करावे. भाचीने पहिल्या वाक्याखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करणे भाग आहे.

पुरुष संपल्यामुळे बायका आल्या असत्या, तर त्यांची संख्या १९९४च्या वंशसंहारानंतर लगेच सर्वाधिक असायला हवी होती आणि नवी पिढी वयात येईल तशी ती उतरायला हवी होती. घडले नेमके उलटे. जगभरातील संसदांतील स्त्रियांची नोंद ठेवणाऱ्या, जिनिव्हा येथील आंतरसंसदीय संघाचे आकडे कोणालाही पाहता येतात. १९९४च्या अखेरीस स्थापन झालेल्या ७० सदस्यांच्या हंगामी संसदेत १९९७च्या आरंभी स्त्रियांचे प्रमाण होते अवघे १७.१ टक्के. पुढे २००३च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहात ते ४८.८ झाले, २००८मध्ये ५६.३ झाले आणि स्त्रियांचे बहुमत असलेले जगातील पहिले संसदीय सभागृह तिथे अस्तित्वात आले. २०१३मध्ये ६३.८, २०१८मध्ये किंचित घटून ६१.३ आणि २०२४मध्ये पुन्हा ६३.८. आणि २०२२च्या जनगणनेत तिथल्या लोकसंख्येत स्त्रिया किती? सुमारे ५१.५ टक्के. म्हणजे पुरुषांची उणीव भरून निघत गेली, तसतशा संसदेत स्त्रिया वाढत गेल्या. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तरी हे वाक्य खोडावे लागले असते.

पण माझा राग आकड्यांपुरता नाही. १९९४च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत जे मारले गेले त्यांत तुत्सी या अल्पसंख्य समाजातील स्त्रिया होत्या, मुले होती, तान्ही बाळे होती. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार किमान अडीच लाख स्त्रियांवर बलात्कार झाले. राजधानी किगालीतील संसदभवनाच्या भिंतींवर त्या काळच्या तोफगोळ्यांचे आणि गोळ्यांचे व्रण आजही बुजवलेले नाहीत. त्या सगळ्याचे 'पुरुष संपले, जागा रिकाम्या झाल्या' असे सार काढणे म्हणजे मेलेल्या स्त्रियांना वगळणे आणि वाचलेल्या स्त्रियांचे काम नाकारणे होय. १९९६मध्ये पक्षभेद बाजूला ठेवून महिला खासदारांनी स्वतःचे व्यासपीठ उभे केले. १९९९च्या कायद्याने मुलींना वारसाहक्क मिळाला. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा २००८चा कायदा सरकारने आणलेला नव्हता, तो याच खासदारांच्या पुढाकाराने आला. एवढे मात्र मान्य करावे लागते की असंख्य विधवांवर घर, शेती आणि गावाचा कारभार येऊन पडला आणि त्यामुळे बाईने काय करावे याबद्दलच्या समजुती सैल झाल्या. हे अर्धसत्य आहे, आणि फॉरवर्डमध्ये तेवढेही नीट सांगितलेले नाही.

आता ६४ टक्के आरक्षणाविषयी. आपल्याकडे महिला आरक्षण म्हटले की सोडत निघते आणि अमुक प्रभाग 'महिला राखीव' होतो, तेच चित्र इथे डोळ्यांसमोर ठेवलेले दिसते. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहासाठी आपल्यासारखे मतदारसंघच नाहीत. एकूण ८० जागांपैकी ५३ पक्षांच्या याद्यांतून, मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भरल्या जातात. २४ जागा स्त्रियांसाठी राखीव असून त्यांसाठी सामान्य मतदार मतदान करीत नाही, स्थानिक परिषदांचे सदस्य आणि महिला परिषदांच्या प्रतिनिधी करतात. उरलेल्या तिनांपैकी दोन तरुणांच्या आणि एक अपंगांच्या प्रतिनिधीची. म्हणजे आरक्षण ३० टक्के. २०२४मध्ये सर्वसामान्य मतदान १५ जुलैला झाले आणि राखीव जागांसाठीचे दुसऱ्या दिवशी. निवडून आलेल्या ५१ स्त्रियांतून २४ वजा केल्या तर २७ उरतात, आणि त्या इतर ५६ जागांवरून आल्या. गंमत या २७ जणींत आहे, कारण यादीत कोणाचे नाव कितव्या क्रमांकावर ठेवायचे हे पक्ष ठरवतो आणि तिथल्या पक्षांनी स्त्रियांची नावे तळाला ढकलली नाहीत.

भ्रष्टाचार शून्य? ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४च्या भ्रष्टाचारविषयक निर्देशांकात, जिथे १०० म्हणजे पूर्ण स्वच्छ, रवांडाला १००पैकी ५७ गुण आहेत. भारताच्या ३८पेक्षा ते बरेच जास्त आहेत, हे नाइलाजाने नोंदवतो. पण ५७ म्हणजे १०० नव्हे, आणि त्याचे श्रेय महिला खासदारांचे असल्याचा पुरावा फॉरवर्डमध्ये शोधूनही सापडत नाही. शिवाय याच स्त्रीबहुल संसदेच्या काळात, २००९च्या कामगार कायद्याने पूर्ण पगाराची बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सहावर आणली आणि ती चूक सुधारायला २०१६ उजाडले.

विरोधक उरले नाहीत, हे फॉरवर्डमध्ये कौतुकाने सांगितले आहे. २०१५मध्ये राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांना २०१७नंतरही निवडणूक लढवता यावी यासाठीची घटनादुरुस्ती याच संसदेने मंजूर केली, आणि २०२४मध्ये त्यांना ९९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. त्यांच्याविरुद्ध उभे राहू पाहणाऱ्या दियान र्विगारा यांचा अर्ज २०१७मध्ये बाद झाला, त्याच वर्षी त्यांना अटक झाली आणि डिसेंबर २०१८मध्ये न्यायालयाने निर्दोष सोडले. २०२४मध्ये त्यांना पुन्हा उमेदवारी नाकारली गेली. 'बायकांच्या हाती सत्ता' असलेल्या देशातील ही एका बाईची हकीकत आहे, आणि भाचीने तिच्यासाठी वहीत अर्धे पान मोकळे ठेवायला हरकत नाही.

राहिले भारताने अनुकरण करण्याचे. रवांडाची घटना २००३च्या मे महिन्यात सार्वमताने संमत झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातील निवडणुकीत राखीव जागा भरल्याही गेल्या. आपला महिला आरक्षणाचा १०६वा घटनादुरुस्ती कायदा २०२३च्या सप्टेंबरात झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली होती. २०२४ची लोकसभा निवडणूक त्याच्याविनाच पार पडली आणि ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या.