शेअर्ड होस्टिंगवर क्यू चालत नाही म्हणे

कोल्हापुरातल्या डेव्हलपर पोरांच्या व्हॉट्सॲपवर परत तोच मेसेज फिरायलाय: एका मशीनवर अनेकांच्या साइट ठेवणाऱ्या शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीतल्या लाराव्हेल फ्रेमवर्कची क्यू, म्हणजे मागं उरकायच्या कामांची रांग, चालत नाही, प्रोसेस कायम चालू ठेवणारा सुपरवायझर मिळत नाही, रेडिस ह्या मेमरीतल्या डेटाबेसशिवाय क्यू होत नाही, ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनवर लावली तर जॉब (रांगेतली कामं) दोनदा पळतात, तेव्हा गपगुमान व्हीपीएस, म्हणजे स्वतःचा वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर, घ्या. ह्यातलं सुपरवायझरचं तेवढं खरं.

कायम चालणारी प्रोसेस होस्टवाला मारतो, आणि एका मशीनवर एवढी अकाउंटं म्हटल्यावर त्याचंबी चुकत नाही. पण वर्कर, म्हणजे रांगेतली कामं उरकणारी प्रोसेस, चोवीस तास जागा पाहिजे हे सांगितलं कुणी? दर मिनिटाला क्रॉन, क्यू-वर्क ह्या कमांडला स्टॉप-व्हेन-एम्प्टी (रांग संपली की थांब), सोबत मॅक्स-टाइम 50 (पन्नास सेकंदांनंतर नवा जॉब घेऊ नको), म्हणजे वर्कर उठतो, साचलेलं उरकतो आणि आपला आपण बंद होतो. चप्पल लाईनच्या एका दुकानाची साइट मी अशीच चालवतोय. कापशी चपलांच्या जोडाचं बिल मेलवर मिनिटभर उशिरा गेलं तर कुणाचं काय अडतंय?

रेडिसचं सोडाच. रांग साइटच्या डेटाबेसातच ठेवणारा डेटाबेस ड्रायव्हर आहे की, लाराव्हेल 11 पासून तर तोच डीफॉल्ट.

आता दोनदा पळण्याचं. हे मी स्वतः खाल्लंय, स्टॉकचा रिपोर्ट दुकानाच्या मालकाला दोनदा गेला आणि त्यांनी विचारलं, "काय ओ, माल डबल झाला काय?" दोष क्रॉनचा नव्हता. जॉबला दोन मिनिटं लागत होती आणि रिट्राय-आफ्टर, म्हणजे किती वेळानं जॉब परत उचलायला मोकळा धरायचा ते, डीफॉल्ट 90 सेकंदांवर, त्यामुळं 90 झाले की पुढच्या वर्करला वाटलं पहिला मेला, आणि ट्राइज (जॉब किती वेळा करून बघायचा) मीच 3 लावलेले, मग काय, उचलला त्यानं. व्हीपीएसवर दोन वर्कर लावले तरी हेच होणार. शिवाय लांबलेला जॉब मध्येच तोडणाऱ्या टाइमआउटला पीसीएनटीएल हे पीएचपीचं एक्स्टेन्शन लागतं, ते शेअर्डवर बऱ्याचदा नसतं, म्हणून 60 सेकंदाच्या टाइमआउटवर विसंबू नका. रिट्राय-आफ्टर 300 केला, विषय संपला.

"चालत नाही" म्हणणाऱ्यांचं खरं दुखणं बऱ्याचदा वेगळंच असतं: साइट पीएचपी 8.2 वर आणि क्रॉनमधली नुसती पीएचपी कमांड जुन्या व्हर्जनवर, वर आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, फेकलेलं, मग एरर दिसणार कशी? क्रॉनमध्ये पीएचपीचा पूर्ण पाथ लिहा आणि चार दिवस आउटपुट फाइलीत पडू दे.

व्हिडिओ कन्व्हर्ट करायचाय, ओटीपी क्यूतून पाठवायचाय, किंवा होस्टवाला पंधरा मिनिटांच्या आत क्रॉन लावू देत नाही, तर घ्या व्हीपीएस, तिथं मी भांडत नाही.