बर्कले मुंबईला का आला?

नमस्कार. “किल्ले बांधणाऱ्या, लेणी कोरणाऱ्या मुलखाला रेल्वेसाठी साहेब कशाला लागला? तुम्ही त्याच्या आरत्या ओवाळताय,” असं तुम्ही लिहिलंत. आपल्याकडे अक्कल नव्हती म्हणून साहेब आला, असं मी मुळीच मानत नाही. मुंबईच्या पहिल्या रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले आला तो पैशामागोमाग.

ही रेल्वे बांधणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनी लंडनची, भागधारकही बहुतेक तिकडचेच. १८४९ च्या करारात ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली. तूट आली तर ती इथल्या रयतेच्या महसुलातून भरायची. असे संचालक मुख्य इंजिनिअर मुंबईत कशाला शोधतील? त्यांनी इंग्लंडातला नामांकित रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन याचा शब्द मानला आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या जेम्स बर्कलेला नेमलं. तेव्हा बर्कले तिशीचा होता. इंग्लंडात रेल्वे शेअरचा फुगा फुटून नवी कामं आटली होती. इथे अख्खा मार्ग त्याच्या हाती येत होता.

जिवाची जोखीम होतीच. बोरघाटाचं कंत्राट घेऊन १८५९ मध्ये आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच दगावला. पुढचं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिनं पुरं करून घेतलं. बर्कले स्वतः १८६२ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी गेला, घाटातली रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. खंडाळ्याजवळ वळण घ्यायला डोंगरात जागाच नव्हती, म्हणून गाडी टोकापर्यंत न्यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडायचं आणि उलट्या दिशेनं पुढे चढायचं, अशी त्यानं सोय केली. ती आखणी मला आजही थक्क करते. पण त्या कड्यांवर दोराला लटकून सुरुंगाची भोकं पाडणारे हात इथल्या मजुरांचे होते, आणि जीआयपीच्या कित्येक टप्प्यांची कंत्राटं जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनी पुरी केली. तेव्हा कसब नव्हतं, हे कारण टिकत नाही.

तुमचा राग मला पटतो तो पुढच्या काळाबद्दल. जपाननंही रेल्वेसाठी एडमंड मोरेल या इंग्लिश इंजिनिअरला १८७० मध्ये बोलावलं. पण पगार देणारं सरकार त्यांचं स्वतःचं होतं. १८८० पर्यंत क्योटो-ओत्सु मार्ग, त्यातल्या बोगद्यासकट, जपानी इंजिनिअरांनीच बांधला. आपल्याकडे पुण्यात १८५४ पासून इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू होतं, पण ते हाताखालची माणसं तयार करण्यापुरतं. वरच्या जागांसाठी सरकारनं १८७१ मध्ये खुद्द इंग्लंडात कूपर्स हिलचं कॉलेज काढलं आणि १९०६ पर्यंत चालवलं.