बोलण्याचे पैसे घेते. हो, घेते.

आज सकाळी एका संस्थेच्या कार्यवाहांचा फोन आला. पुढच्या महिन्यात त्यांचा मोठा समारंभ आहे. तीन तासांचं सूत्रसंचालन, संहिता मीच लिहायची, पत्रिकेचा मजकूर बघायचा आणि कार्यक्रमाआधी फेसबुकवर टाकायच्या पोस्टही "जाता जाता" करून द्यायच्या. मी दर सांगितला. पलीकडे जरा शांतता, आणि मग, "मॅडम, पैसे कसले? शाल-श्रीफळ देऊ की. तुम्हाला काय, नुसतं बोलायचं तर असतं."

नुसतं बोलायचं असतं! मांडववाल्याला कुणी म्हणतं का, नुसता मांडव तर घालायचाय? साउंडवाल्याला ॲडव्हान्स गेलासुद्धा असेल. आणि त्याच साउंडवरून जिचा आवाज जाणार, पाहुणे उशिरा आले की जी भरलेलं सभागृह धरून ठेवणार, ऐनवेळी सत्काराच्या यादीत घुसलेली नावं जी न अडखळता घेणार, तिला नारळ.

कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धांतून माझं नाव झालं होतं. ते ऐकून इचलकरंजीतल्या एका साडीच्या दुकानाच्या मालकांनी बोलावलं. दिवाळीसाठी रिक्षा फिरवायची होती, जाहिरात लिहायचीही मीच आणि बोलायचीही मीच. मी छान यमकं जुळवून लिहून नेली. काका गादीवर बसले होते, समोर गिऱ्हाईक काठपदर उलगडून बघत होतं, तिथेच मला मोठ्यानं वाचायला लावली. ऐकून म्हणाले, "पोरी, रिक्षा थांबत न्हाई. दारात उभ्या बाईला तुझं एवढंच ऐकू येणार," आणि दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. "तेवढ्यात दुकानाचं नाव यायला पायजे, कुठं हाय ते यायला पायजे, साडी केवढ्यापासून हाय ते यायला पायजे."

तिथेच पायरीवर बसून पुन्हा लिहिली. नाव सुरुवातीला, मधे आणि शेवटी, कारण कुठल्या वाक्याला रिक्षा कुणाच्या दारात असेल सांगता येत नाही. जाहिरातीबद्दल मला पहिलं काही शिकवलं ते त्या गादीवरच्या माणसानं.

आणि निघताना त्यांनी गल्ल्यातून पैसे काढून हातावर ठेवले. मी "राहू दे काका" म्हटलं, तर चिडलेच. "फुकट घेतलं तर तुला परत लिही कसं म्हणू?"

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. पैसे देणारा माणूस नीट ऐकतो, हे बरोबर नाही म्हणतो, बदलून मागतो. फुकट बोलावणाऱ्याला तो हक्कच उरत नाही, म्हणून तो कशालाही "छान छान" म्हणतो. म्हणूनच आपल्याकडे वर्षानुवर्षं दीपप्रज्वलनाला त्याच चार ओळी, प्रत्येक पाहुण्याला तीच विशेषणं आणि आभाराला "ज्ञात-अज्ञात" हात. श्रोते माना खाली घालून मोबाइल बघतात, त्यात श्रोत्यांचा काय दोष?

रेडिओवर १९६७ साली विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. तेव्हापासून सेकंदांच्या हिशोबानं मराठी लिहिणं हे काम आहे. वीस सेकंदांत जेमतेम ४५-५० शब्द बसतात. त्यात माणूस, दुकान, वस्तू, भाव आणि थोडा जीव घालायचा असतो. करून बघा एकदा, मग सांगा नुसतं बोलायचं असतं ते.

जाहिरात क्षेत्रातले पीयूष पांडे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, तेव्हा माझी टाइमलाइन श्रद्धांजलीनं भरून गेली होती. रणजी क्रिकेट खेळलेला, चहाची चव पारखायची नोकरी केलेला माणूस १९८२ मध्ये ओगिल्वी या जाहिरात कंपनीत शिरला आणि आपल्या रोजच्या बोलण्यातली हिंदी त्यानं जाहिरातीत आणली. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण सगळे भारावून लिहीत होतो. आणि त्याच आठवड्यात एका ओळखीच्या घरात, मुलगी कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणं, शिकते म्हणाली म्हणून रडारड चालू होती. मोठ्या माणसाचं कौतुक करायचं आणि आपल्या पोरीला मात्र बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून द्यायचा? मला हे सहन होत नाही. निवेदन हा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो, हे सुधीर गाडगीळांनी मराठीत केव्हाच करून दाखवलंय. तरी आजही लग्नाच्या बोलणीत "मुलगा सूत्रसंचालन करतो" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "बरं, पण करतो काय?"

आता लगेच कुणीतरी व्याख्यानमालांचं नाव काढेल. रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती काय धंदा म्हणून नव्हे. मान्य. गावातल्या वाचनालयाकडे खरंच पैसे नसतात, तिथे मी प्रवासखर्चावर जाते आणि जात राहीन. तिथले म्हातारे श्रोते पहिल्या रांगेत वही घेऊन बसतात, भाषण संपल्यावर शंका विचारतात, त्याचं मोल मला कळतं. फुकटच्या कार्यक्रमांतून ओळखी झाल्या, हेही खरं. पण चौकाचौकात फ्लेक्स, वर ड्रोननं शूटिंग आणि निवेदिकेला शाल, हे लोकशिक्षण नाही. काकांचं दुकान एका गाळ्याचं होतं, त्यांना जमलं. यांना का जमू नये?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, कारण मधेच एक मेसेज आला. जत तालुक्यातला एक मुलगा, कॉलेजात शिकतो, स्पर्धा जिंकतो. विचारतोय, "ताई, यात पोट भरतं का? घरचे म्हणतात भरती बघ."

बाळा, भरतं. पहिली काही वर्षं ओढाताण होते, ते लपवणार नाही. नुसत्या कार्यक्रमांवर राहू नकोस, पावसाळ्यात ते आटतात. दुकानांच्या जाहिराती, डॉक्टरांच्या व्हिडिओंच्या संहिता, कारखान्याच्या वार्षिक सभेचं निवेदन, आवाज देण्याची कामं, सगळं धर. तुझी बोली पुसून टाकू नकोस. तुझ्या भागातल्या शेतकऱ्याला ठिबकची नळी विकायची तर पुण्याचा आवाज कमी पडेल, तुझा पुरेल. माइकसमोर जायच्या आधी प्रत्येक पाहुण्याचं नाव त्याच्याच तोंडून एकदा ऐकून घे, यादीवर विसंबू नकोस.

पहिलं काम गावातल्याच एखाद्या दुकानाचं घे. दर आधी सांग, निम्मे पैसे आधी घे. मालकाला दोनदा बदल सांगायची मुभा दे, तिसऱ्या बदलाचे वेगळे पैसे. दर कसा सांगायचा ते जमत नसेल तर लिहून पाठव, मी बघून देते. आणि घरच्यांशी बोलायला कुणी मोठं माणूस हवं असेल तर आईचा नंबर दे, मी स्वतः बोलेन.